सल्ले सगळे खरे, पण आधी कोणता? पहिल्या नोकरीचं एक प्रकरण

बार्शीतलं चौघांचं घर. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई अंगणवाडी सेविका आणि गल्लीतल्या महिला बचत गटाची सचिव. थोरली मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, धाकटा मुलगा आयटीआयला. जुलै २०२४ मध्ये मुलीला चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून नोकरी लागली. विभाग गुणवत्ता तपासणीचा. हे कुणा एका घराचं चरित्र नाही. अशा अनेक घरांत जे घडतं ते जुळवून मांडलेलं हे नमुना प्रकरण आहे. कायदे, करांचे आणि पीएफचे दर मात्र खरे आहेत.

निघण्याआधीचे दोन आठवडे घरात सल्ल्यांचे होते. वडिलांनी सांगितलं ते असं : वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचायचं. साहेब सांगेल ते करायचं, कामाला नाही म्हणायचं नाही. न बघितलेल्या कामावर सही करायची नाही. मूळ कागद कुणाच्या ताब्यात द्यायचे नाहीत. नात्यातल्या माणसाला दुखवायचं नाही. पहिला पगार आईच्या हातात. आईचे सल्ले वेगळ्या जातीचे होते : रोजचा खर्च रोज वहीत. सहा महिने पगाराविना निघतील एवढे पैसे बाजूला. उधार द्यायचं नाही, घ्यायचं नाही. आणि कुणी अंगचटीला आलं तर त्याच दिवशी घरी फोन आणि तारीख लिहून ठेवायची.

यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता. वर्षभरात अडचण आली ती दोन सल्ले एकाच वेळी समोर येऊन एकमेकांच्या विरुद्ध बोलले तेव्हा. आईवडील मुलांना काय करावं ते भरपूर सांगतात. त्यातलं आधी काय हे सांगायचं राहून जातं, आणि बावीस वर्षांचं पोर नेमकं तिथे अडकतं.

सल्ले आले कुठून

सल्ला देणारा आपल्या नोकरीतून बोलत असतो, म्हणून त्याची नोकरी नीट पाहावी लागते. एसटीत चालकाने लॉगशीटवर ब्रेकची तक्रार लिहिली की गाडी पिटवर येते. पिट म्हणजे गाडीखाली उतरून दुरुस्ती करायचा खड्डा. काम झालं की करणाऱ्याची सही पडते आणि गाडी चाळीस-पन्नास माणसं घेऊन घाटात जाते. "न बघितलेल्या कामावर सही नाही" हा सल्ला तिथून आला. "साहेब सांगेल ते करायचं" हाही तिथूनच आला, पण त्यामागे एक गोष्ट न बोललेली आहे. डेपोत संघटना असते, सेवाज्येष्ठता असते, बदलीचे नियम असतात. साहेबाचं ऐकूनही माणूस पूर्ण उघड्यावर नसतो. खासगी कारखान्यातल्या ट्रेनीच्या मागे यातलं काहीच नसतं.

आईच्या सहा महिन्यांचाही हिशोब खरा होता. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण करा अशी मागणी होती, पगार बंद होते. ते महिने या घराने आईच्या मानधनावर आणि गटातून उचललेल्या पैशावर काढले. तिने सांगितलेला आकडा कुठल्या पुस्तकातला नव्हता.

ऑफर लेटरवरचे तीस हजार

पत्रावर वर्षाचा सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यावर करणार तो एकूण खर्च, होता ३,६०,००० रुपये. घरात महिना तीस हजार असा हिशोब झाला आणि दोन नातेवाइकांना तसं सांगूनही झालं. मुलीने तक्ता मागवून घेतला तेव्हा खरं चित्र दिसलं.

महिन्याच्या ३०,००० मधून आधी कंपनीच्या बाजूची रक्कम वजा होते. मूळ पगार १५,०००, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. पीएफचं प्रशासन आणि विमा मिळून एक टक्का, १५०. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळायच्या रकमेपोटी, ४.८१ टक्के, ७२२. समूह आरोग्य विम्याचा हप्ता ५००. वर्षअखेरीस कामगिरी पाहून मिळणारे २४,००० हेही दरमहा २,००० म्हणून त्यातच धरलेले. उरलं २४,८२८, हा एकूण पगार. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,८००, कँटीन आणि कंपनीच्या बसचे मिळून १,१००. हातात २१,९२८.

म्हणजे "तीस हजारां"तले आठ हजार बँकेत येणारच नव्हते. त्यात फसवणूक नाही, पण घरात आकडा सांगताना हातात येणारा सांगावा. नातेवाइकांच्या अपेक्षा आणि उसने मागणाऱ्यांची संख्या या आकड्यावर ठरते.

या तक्त्यात तीन ठिकाणी थांबून बघायला हवं. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावरच मिळते. दोन वर्षांत सोडायची असेल तर ते ७२२ आपले धरू नयेत. दुसरं, कंपनीच्या १,८०० पैकी ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५५० तिच्या पीएफ खात्यात. तिचे स्वतःचे १,८०० धरून खात्यात दरमहा २,३५० जमतात. पासबुकात ३,६०० का दिसत नाहीत, हा पहिल्या वर्षी प्रत्येकाला पडणारा प्रश्न आहे, त्याचं उत्तर एवढंच. तिसरं, व्यवसाय कर. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो लागत नाही. पुरुषाला दहा हजारांच्या वर गेलं की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. तिचा एकूण पगार २४,८२८, म्हणून कर शून्य. पण ज्या महिन्यात सहा रात्रपाळ्यांचा १०० रुपयांप्रमाणे भत्ता मिळून तो २५,४२८ झाला, त्या महिन्यात २०० कापले गेले. तिला वाटलं पगारात चूक झाली. आकडे जुळवले तेव्हा उलगडलं.

कागदांबाबत वडिलांचा सल्ला अचूक ठरला. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आणि त्याच टेबलावरून परत घ्यायची, द्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. खरी अडचण आली नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधार आणि पॅनवर एका अक्षराचा फरक. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा क्रमांक, निघतो तो आधारवरून. तिथे नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की पुढे पैसे काढताना किंवा नोकरी बदलल्यावर खातं हलवताना सगळं अडून बसतं. रुजू होण्याआधी पॅन दुरुस्त करून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, नंतर तेच काम महिनोन्‌महिने रेंगाळतं. यूएएन जन्मभर एकच असतो. दुसऱ्या नोकरीत नवा काढू द्यायचा नाही, जुनाच द्यायचा. आणि वारसाची नोंद ऑनलाइन पहिल्याच महिन्यात करायची.

पत्रात दोन वर्षांचा बाँडही होता, आधी सोडल्यास एक लाख. "बाँड कोर्टात टिकत नाही" असं मुलं एकमेकांना सांगतात. त्यावर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या दोन लाखांच्या बाँडबाबत, अशी अट करार कायद्याविरुद्ध नाही असाच निर्णय दिला. घराने केलं ते शहाणपणाचं : सहीआधी एचआरला ईमेलने विचारलं की जितके महिने काम होईल तितकी रक्कम कमी होते का. उत्तर आलं, होते, महिन्याच्या प्रमाणात. ते ईमेल ऑफर लेटरसोबत फाइलला लागलं. आता तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. तोंडी ठरावावर रुजू व्हायचं कारण उरलेलं नाही.

पहिले तीस दिवस

रुजू ८ जुलैला, पहिला पगार ७ ऑगस्टला. या मधल्या महिन्याचा खर्च कोणी धरत नाही आणि तिथेच पहिलं कर्ज होतं. मोशीत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती, जागा मिळाली, भाडं ५,५००, डिपॉझिट दोन महिन्यांचं, ११,०००. मेस दोन वेळची ३,०००. गादी, बादली, कुलूप, हिटर वगैरे २,५००. प्रवास, फोन २,०००. झेरॉक्स, फोटो, वैद्यकीय तपासणी १,०००. झाले २५,०००. शिवाय ऑगस्टचं भाडं आणि मेसचे पैसे पगाराआधीच द्यावे लागतात, ते ८,५००. एकूण ३३,५००.

आईने ३५,००० दिले आणि सांगितलं की हे उसने आहेत, महिना अडीच हजार परत करायचे, चौदा महिने, व्याज नाही. वडिलांना हे लागलं, पोरीकडून कसले पैसे घ्यायचे म्हणून. आमच्या मते आईचं बरोबर होतं. परतफेडीची शिस्त अशा ठिकाणी लागलेली बरी जिथे चुकलं तरी घर आपलंच असतं. शिवाय त्या वर्षात तिच्या मोबाइलवर आधीच मंजूर कर्जाचे आणि क्रेडिट कार्डाचे निरोप सतत येत राहिले. दरमहा एक हप्ता आधीच चालू असलेल्या माणसाला दुसरा घेताना हात आखडता येतो.

डिपॉझिट रोख मागितलं होतं, तिने यूपीआयने दिलं आणि रकमेसोबत "डिपॉझिट" असं लिहिलं. खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिटमधून काय कापणार, हे मालकाला मेसेजवर विचारून उत्तर ठेवलं. कॉट बेसिसवर नोंदणीकृत करार सहसा मिळत नाही. कायद्याने लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं जागा देणाऱ्याची जबाबदारी आहे, पण एका कॉटसाठी त्याच्याशी भांडत बसण्यात अर्थ नसतो. तेव्हा पैशाचा आणि बोलण्याचा माग ठेवणं हा त्यातल्या त्यात पक्का उपाय.

जुलैच्या २४ दिवसांचे हातात १६,९७६ आले. इथे पहिला झगडा. पहिला पगार आईच्या हातात हा वडिलांचा शब्द, आणि पुढच्या महिन्याचा खर्च हा वहीचा शब्द. सगळी रक्कम घरी गेली असती तर बारा दिवसांत मैत्रिणीकडे हात पसरावा लागला असता. आईने मार्ग काढला. पैसे आले, तिने १,००१ रुपये भगवंताच्या देवळात ठेवायला काढून घेतले आणि उरलेले त्याच दिवशी परत पाठवले. मान राहिला, खर्चही निघाला.

पुढचा महिन्याचा मांड असा बसला : कॉट ५,५००, मेस ३,०००, रविवारचं जेवण आणि चहा-नाश्ता १,२००, फोन ३५०, स्थानिक प्रवास ६००, घरी येणं-जाणं महिन्यातून एकदा, एसटीच्या महिलांसाठीच्या निम्म्या तिकिटाने, ६००, कपडे-औषधं-इतर १,५००. एकूण १२,७५०. आईची परतफेड २,५००, रिकरिंग ठेव ४,०००. उरतात २,६७८, ते हातचे.

सहा महिन्यांची राखीव रक्कम म्हणजे ७६,५००. चार हजारांप्रमाणे एकोणीस महिन्यांच्या थोडं वर. हा आकडा ऐकून मुलगी खचली, कारण एवढ्या लांबचं काहीच दिसत नव्हतं. आईने तो तोडला : आधी तीन महिन्यांचे ३८,२५०, दहा महिन्यांत. रिकरिंगची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठ. महिनाअखेरीस उरेल ते टाकू असं ठरवलं की काही उरत नाही. आणि ही ठेव पगाराच्या खात्याच्या बँकेत न ठेवता दुसरीकडे. पगार काही महिने थांबला की सॅलरी अकाउंट साधं बचत खातं होतं आणि काही बँकांत किमान शिल्लक लागू लागते, हेही तेव्हाच सांगून ठेवलं.

कामाला नाही म्हणायचं नाही

दुसऱ्या महिन्यापासून तिघा सीनियरांचे एक्सेलचे तक्ते तिच्याकडे येऊ लागले. रिजेक्शनचा रोजचा तक्ता, एकाचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजायची साधनं अचूक आहेत का याच्या तपासणीचं, रजिस्टर, दुसऱ्याचं ऑडिटसाठी फोटो लावण्याचं काम. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, कंपनीची बस पावणेचारला. ती सहा-साडेसहाला निघू लागली. बस चुकली की शेअर रिक्षा, त्यात महिन्याला हजाराच्या वर, आणि मेसला पोचेपर्यंत भाजी संपलेली. वहीतले हातचे २,६७८ इथे वितळत होते. पैशाचा खड्डा कामाच्या सवयीतून पडतो, हे वहीमुळेच कळलं.

वडील रोज फोनवर विचारायचे, "काम कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं, "बरं चाललंय, अण्णा." अशा प्रश्नाला दुसरं उत्तर येत नाही. आईने रविवारी वही वाचायला सांगितली तेव्हा रिक्षाच्या नोंदी निघाल्या.

वडिलांनी डेपोतली रीत सांगितली. पिटवर एकाच वेळी तीन गाड्या आल्या तर मेकॅनिक कुणाला नाही म्हणत नाही, फोरमनला विचारतो पहिली कुठली काढू. तीच रीत तिने वापरली. हातातल्या कामांची यादी सकाळी सुपरवायझरला दाखवायची : "सर, आजची ही चार कामं आहेत, साडेतीनपर्यंत दोन होतील. कुठली दोन आधी करू?" ठरवायचं काम त्यांचं. नवं काम आलं की त्याच यादीत खाली लिहून पुन्हा विचारायचं. साधारण तीन आठवड्यांत दोन सीनियरांनी आपापले तक्ते परत घेतले, कारण यादीत त्यांची नावं सुपरवायझरला दिसू लागली. तिसरा तक्ता तिच्याकडेच राहिला. तो ट्रेनीच्या कामाचाच होता.

यात नेहमी चूक होते ती यादी तोंडी सांगण्याची. तोंडी सांगितलं की ती तक्रार वाटते. कागदावर किंवा मेसेजवर दाखवली की ती कामाची यादी असते.

बोअरचा आकडा

ऑक्टोबरमध्ये या प्रकरणातला कठीण दिवस आला. एका भागाला २५ मिलिमीटरचं बोअर, ड्रॉइंगवर एच-७. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं, सगळी सूट २१ मायक्रॉन. ते मोजायला बोअर गेज लागतं, ठरलेल्या मापाच्या सेटिंग रिंगवर शून्य करून. त्या दिवशी बोअर गेज कॅलिब्रेशनला बाहेर गेलेलं. गाडी तीन वाजता निघायची. तपासणी अहवालात पाच नगांचे आकडे भरायचे होते. सुपरवायझर म्हणाले, "व्हर्नियरने बघ आणि मागच्या लॉटचे आकडे टाक. मशीन तेच, टूल तेच."

हा माणूस वाईट नव्हता. गाडी चुकली तर ग्राहकाची लाइन थांबते आणि बोलणी त्याला खावी लागतात. पण व्हर्नियरचा सर्वांत लहान भाग ०.०२ मिलिमीटर. जेवढी सगळी सूट जवळजवळ तेवढंच त्या व्हर्नियरचं एक घर. त्याने हे भोक मोजता येतच नाही. आणि मागच्या लॉटचे आकडे टाकले की अहवालावर लॉट नंबर नवा, आकडे जुने आणि सही तिची. पुढे कधी तो भाग गाडीत सैल निघाला तर लॉट नंबरवरून अहवाल काढतात आणि अहवालावरून सही.

वडिलांचे दोन सल्ले इथे समोरासमोर आले : साहेब सांगेल ते कर, आणि न बघितलेल्या कामावर सही नको. तिने चहाच्या सुट्टीत फोन लावला.

"अण्णा, सर म्हणतायत जुने आकडे टाक."

"तू मोजलंस का?"

"नाही. गेजच नाहीये."

"मग सही नाय. पण नुसतं नाही म्हणून येऊ नको. दुसऱ्या कशानं बघता येतंय का ते शोध, आन् ते घेऊन सरांकडं जा."

सगळं वजन शेवटच्या वाक्यात आहे. नकारासोबत पर्याय नेला की तो कामाचा भाग होतो. मशीनवर ऑपरेटरकडे प्लग गेज होतं, एक टोक २५.००० चं, जे भोकात गेलंच पाहिजे, दुसरं २५.०२१ चं, जे जाता कामा नये. त्यावरच्या स्टिकरवर कॅलिब्रेशनची तारीख चालू होती, ती तिने आधी बघितली. प्लग गेज आकडा देत नाही, फक्त आत की बाहेर एवढं सांगतं, म्हणून पाचऐवजी वीस नग तपासायचं ठरवलं. सुपरवायझरला म्हणाली, "सर, प्लग गेजने वीस नग बघते, तासभर लागेल. अहवालात आकड्याच्या जागी प्लग गेज ओके लिहिते आणि शेऱ्यात बोअर गेज कॅलिब्रेशनला आहे असं नोंदवते. चालेल का?" ते चिडले, पण चालेल म्हणाले. तिने हेच दोन ओळींत त्यांना मेसेजही केलं.

वीसही नग बरोबर निघाले. गाडी दीड तास उशिरा सुटली. दोन दिवसांनी ग्राहकाच्या गुणवत्ता विभागातून विचारणा आली की या लॉटला आकडे का नाहीत. शेरा होताच, तोच दाखवला, विषय तिथे संपला. सुपरवायझरचा सूर पुढचे काही आठवडे कोरडा राहिला आणि सहामाही मूल्यांकनात "वेळेचं भान" या रकान्यात तिला कमी गुण पडले. हे लपवण्यात अर्थ नाही. बरोबर वागल्याची किंमत पहिल्या वर्षी मोजावी लागते आणि आईवडिलांनी ती आधीच सांगून ठेवावी, म्हणजे मूल ती मोजताना आपलं चुकलं असं समजत नाही.

त्यानंतर वडिलांनी फोनवरचा प्रश्न बदलला. "काम कसं चाललंय?" ऐवजी विचारू लागले, "आज कशाकशावर सही केलीस?" या प्रश्नाला "बरं चाललंय" हे उत्तर देता येत नाही. नाव, भाग, गेज, लॉट सांगावाच लागतो. मेकॅनिक बापाला इंजिनिअर मुलीचं काम कळू लागलं ते इथून.

नात्यातली पॉलिसी

नोकरी लागल्याची बातमी फिरली की विम्याचे एजंट असलेले नातेवाईक घरी येतात. इथे वडिलांच्या आतेभावाने बचत-विम्याची पॉलिसी आणली, महिना २,०००, मुदत वीस वर्षं. वडिलांनी भिडेखातर शब्द दिला आणि दिवाळीत घरी आलेल्या मुलीने सही केली. आईने वहीत हप्ता मांडला : हातच्या २,६७८ मधून २,००० गेले की उरतात ६७८. एक आजारपण, एक लग्नाचा आहेर, की रिकरिंग मोडणार.

पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. लेखी अर्ज द्यायचा, कारण लिहायचं. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकी परत मिळतात. कागद ईमेलने आला असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि मुदत निघून जाते. अर्ज एजंटच्या हाती न देता थेट कंपनीच्या शाखेत देऊन पोच घ्यायची. या घराने बाविसाव्या दिवशी अर्ज दिला. आतेभावाकडे वडील स्वतः गेले. हे महत्त्वाचं आहे. शब्द ज्याने दिला त्याने तो परत घ्यायचा असतो, मुलीला पुढे करायचं नसतं. दोन महिने बोलणं बंद होतं, मग सुरू झालं.

क्रम

डिसेंबरात मुलगी घरी आली तेव्हा तिघांनी बसून सल्ल्यांना नंबर लावले. आईच्या वहीच्या मागच्या पानावर ते लिहिलेले आहेत.

सगळ्यांत वर जीव आणि अब्रू. रात्रपाळीला बाईला बोलवायचं तर तिची संमती आणि ने-आणीची सुरक्षित सोय लागते. गाडी आली नाही तर पाळीला जायचं नाही, मग साहेब काहीही म्हणो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावी लागते आणि लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. आईचा "तारीख लिहून ठेव" हा सल्ला या तीन महिन्यांसाठी सोन्याचा आहे. समितीच्या सदस्यांची नावं सहसा सूचनाफलकावर असतात. ती आधीच टिपून ठेवायची, गरज पडल्यावर शोधत बसायचं नाही.

दुसरी सही. तिसरी राखीव रक्कम, तिला नातेवाइकासाठी, मित्रासाठी, सणासाठी हात नाही. चौथा साहेबाचा शब्द. पाचवं घरी पाठवायचे पैसे. सहावी नात्याची भीड.

वडिलांना साहेबाचा शब्द चौथ्यावर जाणं जड गेलं. त्यांचा आक्षेप ऐकण्यासारखा होता : नव्या माणसाने पहिल्या वर्षी प्रत्येक गोष्टीत क्रम दाखवायला सुरुवात केली तर त्याला कोणी काम शिकवणार नाही. खरं आहे. म्हणून क्रमाखाली त्यांनी एक ओळ घालायला लावली : वरचे तीन आड येत नसतील तर साहेब सांगेल ते, आणि हसतमुखाने. दिवसाची बहुतेक कामं या ओळीतच बसतात. पहाटेची पाळी, कुणाच्या जागी उभं राहणं, गोदामातली मोजदाद, यातून तिला शिकायलाच मिळालं, आणि कोरडा झालेला सुपरवायझर पुन्हा सीएमएम हे भागांची मापं घेणारं मशीन शिकवू लागला तो या हसतमुखामुळेच.

जुलै २०२५ मध्ये ती कायम झाली. तीन महिन्यांची राखीव रक्कम त्याआधीच पूर्ण झाली होती, आईचे दोन-तीन हप्ते बाकी होते. चाकणमधल्याच दुसऱ्या कारखान्याकडून जास्त पगाराचं बोलावणं आलं, पण बाँडचे बारा महिने शिल्लक होते, म्हणजे ईमेलमधल्या हिशोबाने पन्नास हजार. फरक महिना चार हजारांचा. पन्नास हजार भरून निघायला साडेबारा महिने, तेवढ्यात बाँड आपोआप संपतो. तिने थांबायचं ठरवलं.

त्याच सुमारास धाकट्याला पुण्यातच अ‍ॅप्रेंटिसशिप मिळाली. वडिलांनी ते मागचं पान त्याच्यासाठी तसंच उतरवायला घेतलं, आईने थांबवलं. कायद्याखालच्या अ‍ॅप्रेंटिसला स्टायपेंड असतो, पगार नाही. पीएफ लागू होत नाही, म्हणून यूएएनची ओळ कापली. मुदत संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल असं नाही, म्हणून राखीव रकमेचा आकडा मुदत संपण्याच्या तारखेला बांधला. प्रमाणपत्रासाठी परीक्षा असते, म्हणून हजेरी आणि कामाची नोंदवही साहेबाच्या शब्दाच्या वर गेली. पहिल्या दोन ओळी मात्र त्याच राहिल्या.